फ्लाइट सिमचा व्हिडिओ अडखळू नये म्हणून

फ्लाइट सिम म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम, त्याचा व्हिडिओ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, फोर-के आहे का. माझं म्हणणं असं की आधी बघा, विमान सरकतंय का अडखळतंय. रेसिंगच्या नाहीतर गोळीबाराच्या गेममध्ये एखादी फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) इकडची तिकडे झाली तर कोणाला कळत पण नाही, कारण तिथे सगळंच धावत असतं. विमानाचं तसं नाही ना. जळगावच्या रनवे २७ ला (पश्चिमेकडे तोंड करून) फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, आलो की खालची शेतं, रस्ता, झाडं एका लयीत मागे जायला पाहिजेत आणि रनवे हळूहळू मोठा होत जायला पाहिजे, आणि तेच जर दर सेकंदाला एक बारीक झटका देत असेल तर बघणारा दोन मिनिटांत बंद करतो. का बंद केलं ते त्याला सांगता येत नाही, पण करतो.

मी भुसावळचा, आणि सिममध्ये बहुतेक वेळ आपल्या खान्देशावरच उडतो. जळगावहून पूर्वेला टेकऑफ, भुसावळचं रेल्वे यार्ड, दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या, मग हतनूरचं पाणी, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, तिथून डावीकडे रावेरवरून सातपुडा धरायचा आणि डोंगराच्या पायथ्याने यावलकडून परत. हे सगळं मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये बिंगच्या सॅटेलाइट फोटोंवरून येतं, त्यामुळे घरं जरी कॉम्प्युटरने अंदाजाने उभी केलेली असली तरी शेतांचे बांध, नदीचं वळण, केळीचे गडद हिरवे पट्टे अगदी आपलेच दिसतात. ज्या माणसाने आयुष्यभर ते शेत बांधावर उभं राहून बघितलंय त्याला ते वरून दाखवायचं, यात मला मनापासून मजा येते, आणि म्हणूनच व्हिडिओ नीट व्हावा यासाठी मी इतका वेळ देतो.

माझी सगळी पद्धत एका गोष्टीभोवती फिरते, ती म्हणजे फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) एकदा ठरवायचा आणि सिमपासून यूट्यूबपर्यंत तोच ठेवायचा. माझा ३० आहे. ६० जमत असेल तर ६० ठेवा, पण मग सगळीकडे ६० च.

असं का, तर सिमला जर मोकळं सोडलं तर तो कधी ४१ फ्रेम देतो, कधी ३४, ढगात शिरलं की २८. तुम्ही रेकॉर्डिंग ६० वर लावलं तर रेकॉर्डर काय करणार, त्याला तर सेकंदाला ६० भरायच्याच आहेत, मग तो काही फ्रेम दोनदा टाकतो, काही एकदाच टाकतो, आणि हा हिशोब दर सेकंदाला बदलतो. झटका तिथे तयार होतो. एकदा फाईलमध्ये असा झटका बसला की नंतर कितीही भारी सॉफ्टवेअरमध्ये कन्व्हर्ट करा, तो निघत नाही. सिम ३० वर बांधला आणि रेकॉर्डिंग पण ३० वर लावलं की एकास एक फ्रेम पडते, विषय संपला. सिमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या तालाशी जुळवणारं सेटिंग) ऑन करून लिमिट ३० ठेवायची, नाहीतर रिव्हाट्यूनर म्हणून फुकट सॉफ्टवेअर मिळतं त्यातून बांधायचं. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर तो रेकॉर्डिंगपुरता १२० किंवा ६० वर आणा, कारण १४४ ला ३० ने पूर्ण भाग जात नाही आणि मग उडवताना स्क्रीनवरच हालचाल असमान दिसते.

३० वर बांधायचा अजून एक फायदा आहे जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोकळा सोडलेला सिम ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के खाऊन टाकतो आणि ओबीएसला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला, पण चित्र जुळवायला त्याच कार्डाचा थोडा हिस्सा लागतो, तो मिळाला नाही की ओबीएसच्या फ्रेम सुटतात. म्हणजे सिम स्क्रीनवर मस्त पळतोय आणि रेकॉर्डिंगमध्ये अडखळतोय, ही जी सगळ्यांची तक्रार असते ना, ती बरेचदा इथली असते. ओबीएसमध्ये स्टॅट्सची एक विंडो आहे, ती उघडी ठेवा. त्यात दोन आकडे बघायचे, एक रेंडरिंग लॅगमुळे सुटलेल्या फ्रेम आणि दुसरा एन्कोडिंग लॅगमुळे सुटलेल्या. पहिला वाढत असेल तर कार्डावर लोड आहे, सिमचे ग्राफिक्स कमी करा किंवा ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करा, त्याने विंडोज त्याला कार्डावर आधी जागा देतं. दुसरा वाढत असेल तर एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाईलमध्ये लिहिणारा भाग, दमतोय.

एन्कोडरचं म्हणाल तर एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हेंक, एएमडी असेल तर त्यांचा एएमएफ, नुसतं इंटेलचं असेल तर क्विक सिंक. एक्स२६४ क्वालिटीला चांगला आहे यात वाद नाही पण तो प्रोसेसरवर चालतो, आणि फ्लाइट सिम हा असा प्राणी आहे की त्याचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एका मुख्य थ्रेडवर अडकलेलं असतं, तिथेच तुम्ही एन्कोडिंगचा बोजा टाकला की दोघांचं भांडण लागतं. एनव्हेंक म्हणजे कार्डावरच एन्कोडिंगसाठी वेगळं बसवलेलं सर्किट आहे, त्यामुळे सिमला त्याचा फार त्रास होत नाही.

आता बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहायचा, आणि इथे मला केळीबद्दल बोलावं लागेल. एन्कोडर काय करतो, आधीच्या फ्रेममध्ये आणि आताच्या फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच मुख्यतः लिहून ठेवतो. कॉकपिटमध्ये बसलोय तेव्हा अर्धी स्क्रीन म्हणजे पॅनेल, ते हलत नाही, काम सोपं. पण बाहेरचा कॅमेरा लावून तापीच्या काठाने पाचशे फुटांवरून यावलच्या बागांवरून निघालो की स्क्रीनवरचं प्रत्येक पान प्रत्येक फ्रेमला जागा बदलतं, वर ते सगळं एकाच हिरव्या रंगात, बारीक बारीक. त्याला जर ठराविक १० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) दिले तर तो पुरवून पुरवून किती पुरवणार, मग त्या बागांचे चौकोनी डबके होतात. हिरव्या रंगाची नुसती फरशी. विमान स्पष्ट, आकाश स्पष्ट, आणि ज्यासाठी व्हिडिओ काढला ते शेतच गायब. म्हणून ठराविक बिटरेट नको, सीक्यूपी लावा, म्हणजे क्वालिटी ठराविक आणि साइज लागेल तेवढी. आकडा जेवढा लहान तेवढी क्वालिटी जास्त, मी १८ ते २० च्या मधे ठेवतो, जागेची अडचण असेल तर २२-२३ पर्यंत ठीक आहे. जागा लागते हे खरं, सरासरी ४० एमबीपीएस पडला तर तासाला १८ जीबी होतात. हिशोब सोपा आहे, एमबीपीएस गुणिले सेकंद भागिले ८, म्हणजे एमबी आले.

आकाशाचं उलटं आहे. संध्याकाळी रनवे २७ ला उतरायचं म्हणजे सूर्य थेट समोर, केशरीपासून निळ्यापर्यंत रंग हळूहळू बदलत जातो आणि व्हिडिओत त्या बदलाचे पट्टे पडतात, पायऱ्या दिसतात. नेहमीच्या ८ बिटच्या व्हिडिओत रंगाच्या छटाच मोजक्या असतात आणि त्यावर कॉम्प्रेशन त्या अजून सपाट करतं. यावर मला सगळ्यात कामाला आलेला उपाय म्हणजे एडिटिंगमध्ये अगदी हलका ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, टाकायचा, दिसेल न दिसेल इतका, त्याने पायऱ्यांच्या कडा मोडतात. आणि एचडीआर (जास्त उजेड आणि रंग दाखवणारा मोड) चालू असेल तर रेकॉर्डिंगआधी विंडोजमधून आणि सिममधून बंद करा, नाहीतर साध्या रेकॉर्डिंगमध्ये रंग उडालेले, पांढरट येतात.

फॉरमॅट एमकेव्ही. यावर माझं मत पक्कं आहे आणि आपल्याकडे राहणाऱ्या माणसाचं ते पक्कंच असायला पाहिजे, कारण आपल्याकडे लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. साध्या एमपी४ मध्ये फाईलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते, मधेच लाइट गेली तर ती लिहिलीच जात नाही आणि तासाभराची फाईल उघडत नाही. एमकेव्ही जिथपर्यंत लिहिली तिथपर्यंत चालते. ओबीएसच्या ३०.२ व्हर्जनपासून, म्हणजे २०२४ पासून, हायब्रिड एमपी४ म्हणून प्रकार आलाय, त्यात ही अडचण सोडवली आहे, पण माझी एमकेव्हीची घडी बसलेली आहे आणि ती मोडायचं मला कारण दिसत नाही.

उन्हाचं पण सांगतो कारण पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी खोलीत कूलर लावून पण कार्ड तापतं, तापलं की ते स्वतःहून स्पीड कमी करतं, आणि ३० वर बांधलेला सिम २४ वर येतो. म्हणून उन्हाळ्यात रेकॉर्डिंग पहाटे. सिममधली वेळ काय आपल्या हातात असते, बाहेर पहाट असली तरी सिममध्ये संध्याकाळ लावता येते. हां, लाइव्ह वेदर लावून मे महिन्याच्या दुपारी जळगावहून सेसना १७२ मात्र एकदा उडवून बघाच, ४४ डिग्रीला हवा इतकी पातळ होते की विमान साधारण चार हजार फुटांच्या वरच्या एखाद्या विमानतळावरून उडतंय असं वागतं, सतराशे मीटरच्या आसपासचा रनवे, निघतं आरामात, पण पुढे चढायला जो वेळ घेतं ते बघण्यासारखं असतं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. उडवणं आणि शूटिंग करणं वेगवेगळं करा. लँडिंग करायचं, त्याच वेळी कॅमेरा बदलायचा, रेकॉर्डिंग बघायचं, यात लँडिंगही धड होत नाही आणि शॉटही. मायक्रोसॉफ्टचा जुना सिम एफएसएक्स २००६ ला आला त्यात रिप्ले, म्हणजे उडवलेलं परत बघायचा प्रकार, होता, एक्स-प्लेनमध्ये आहे, फ्लाइटगिअरसारख्या फुकट सिममध्येही आहे, मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये मात्र तो सुरुवातीला नव्हता, म्हणून मी स्काय डॉली वापरतो, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. ते व्हिडिओ रेकॉर्ड करत नाही, विमानाची जागा, उंची, दिशा, फ्लॅप, चाकं याची नोंद ठेवतं. मग नंतर तीच फ्लाइट परत चालवायची, आपण फक्त कॅमेरामन. एकदा पंखावरून, एकदा ड्रोन कॅमेऱ्याने रनवेच्या कडेला उभं राहून, एकदा मागून. तिन्ही शॉटमध्ये विमान अगदी त्याच जागी टेकतं त्यामुळे एडिटिंगमध्ये कट बेमालूम बसतो.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. लाइव्ह वेदर बंद करून ठराविक हवामान आणि ठराविक वेळ लावा, नाहीतर पहिल्या शॉटमध्ये ढग आहेत आणि दुसऱ्यात निरभ्र असं होतं. दुसरं, एटीआर ७२-६०० सारख्या विमानात, जे आपल्या जळगावला खरोखर येतं, कॉकपिटमधल्या स्क्रीन आणि स्विच यांचं स्वतःचं आत खूप काही चालतं, ते रिप्लेमध्ये पूर्ण येतं असं नाही. म्हणून कॉकपिटचा शॉट उडवतानाच घ्यायचा आणि बाहेरचे सगळे रिप्लेवर. हे एकदा अंगवळणी पडलं की मध्यम पीसीवर पण काम भागतं, कारण शूटिंगच्या वेळी सिम २५ वर आला तर पुन्हा मागे जाऊन तोच तुकडा ग्राफिक्स उतरवून घेता येतो. लँडिंग परत करायची गरज नाही.

आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, ओबीएसमध्ये सहा ट्रॅक मिळतात. माझं असं आहे की पहिल्या ट्रॅकवर सगळं एकत्र, दुसऱ्यावर फक्त इंजिन, तिसऱ्यावर एटीसी, म्हणजे टॉवरचं बोलणं. मराठीतली कॉमेंट्री मी नंतर शांतपणे बोलतो, कूलर बंद करून. पहिल्या ट्रॅकवर सगळं एकत्र का, ते पुढे कळेल.

रेकॉर्डिंग झालं, आता कन्व्हर्जन. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. एमकेव्हीची एमपी४ करणं म्हणजे भाजी तीच, फक्त डबा बदलला, यात क्वालिटी तसूभर कमी होत नाही आणि तासाभराच्या फाईलला हार्ड डिस्कच्या स्पीडप्रमाणे एखाद-दोन मिनिटं लागतात. ओबीएसच्याच फाईल मेनूमध्ये रीमक्स म्हणून आहे, सेटिंगमध्ये टिक करून ठेवलं तर रेकॉर्डिंग थांबल्यावर आपोआप होतं. एवढ्यासाठी कोणतेही फुकट कन्व्हर्टर इंटरनेटवरून उतरवू नका, त्यातले बरेच फाईल पूर्ण नव्याने एन्कोड करतात, क्वालिटी घालवतात आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव पण छापतात. नव्याने एन्कोड करायची गरज असते ती वेगळ्या वेळी, म्हणजे साइज कमी करायची असेल, किंवा फ्रेम रेट बिघडलेला असेल.

फ्रेम रेट बिघडलेला म्हणजे काय, तर मोबाइलचं शूटिंग आणि कार्डासोबत येणाऱ्या काही रेकॉर्डरचं रेकॉर्डिंग हे बदलत्या फ्रेम रेटचं असतं, कुठे ३०, कुठे २७. प्लेअरमध्ये ते नीट चालतं पण एडिटरमध्ये टाकलं की आवाज हळूहळू पुढे पळायला लागतो, चाकं टेकायच्या आधीच टेकल्याचा आवाज. मी कधी कधी जळगाव विमानतळाच्या बाहेरच्या रस्त्यावरून मोबाइलवर घेतलेला खऱ्या विमानाचा शॉट सिमच्या शॉटला जोडतो, तेव्हा तो आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढतो. हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेम रेट ३० करायचा आणि खाली कॉन्स्टंट निवडायचं, क्वालिटी आरएफ १८ च्या आसपास, बस. हे एडिटिंगच्या आधी करायचं, नंतर करून काही उपयोग नाही. आणि एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर पहिली क्लिप टाकायच्या आधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट ३० केलाय का बघा, एकदा क्लिप आत गेली की तो बदलता येत नाही.

यूट्यूबसाठी मी १०८० चा व्हिडिओ एक्सपोर्ट करतानाच १४४० ला मोठा करतो. चित्रात नवीन तपशील येत नाही हे बरोबर, पण १४४० ला यूट्यूब व्हीपी९ कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) लावतं आणि बिटरेट जास्त देतं, छोट्या चॅनलच्या १०८० ला बरेचदा जुना एव्हीसीच मिळतो. व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडलं की कोणता लागलाय ते दिसतं. यावलच्या त्या केळीच्या बागा दोन्हीत शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक लगेच दिसतो. यूट्यूबची स्वतःची शिफारस १०८० च्या ३० फ्रेमला ८ एमबीपीएस आणि १४४० ला १६ अशी आहे, म्हणजे दहा मिनिटांचा व्हिडिओ १.२ जीबी झाला, आपल्याकडच्या अपलोड स्पीडला रात्री लावून झोपायचं. मी १६ च्या वरच जातो कारण यूट्यूब परत एकदा पिळणारच आहे, त्याला आधीच पिळलेलं देऊ नये.

पण माझ्या व्हिडिओचे खरे प्रेक्षक यूट्यूबवर नाहीत, ते घरी आहेत. यावलचे मामा. त्यांचा फोन येतो, "काय भाचे, आपल्या शेतावरून विमान नेलं का नाही अजून?" मी म्हटलं, नेलं मामा, पाठवतो. "मोबाइलवर नको भो, त्यात काही दिसत नाही, टीव्हीवर लावायचं असं दे." मग टीव्हीसाठी वेगळी फाईल. एच.२६४, एमपी४, १०८०, ३० फ्रेम, आवाज एएसी, हे जवळपास कोणत्याही एलईडी टीव्हीला चालतं, एच.२६५ मध्ये साइज निम्म्याजवळ येते पण जुना टीव्ही ती उघडेलच असं नाही. पेनड्राइव्ह जर फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाईल त्यावर जातच नाही, आणि एक्सफॅट केला तर काही जुने टीव्ही तो ओळखत नाहीत, म्हणून फाईलच ४ च्या आत ठेवलेली बरी. ८ एमबीपीएसला तासाला साधारण ३.६ जीबी, म्हणजे बसतं. आणि टीव्ही बहुधा आपोआप पहिलाच ऑडिओ ट्रॅक वाजवतो, म्हणून पहिल्यावर सगळं एकत्र.

व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचंच असेल तर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि जसंच्या तसं पोहोचतं. व्हिडिओ म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप ते इतकं दाबतं की शेत कोणाचं तेच ओळखू येत नाही. मामांनी त्यांच्या विहिरीवरून बांध ओळखला आणि मग शेजारच्याचा, मग त्याच्या शेजारच्याचा, सगळी नावं सांगत बसले, व्हिडिओ थांबवून थांबवून. तेवढा तपशील टिकला पाहिजे ना.

शेवटी साठवणीचं. जागा संपली की मी कन्व्हर्ट केलेल्या फाईल आधी उडवतो, मूळ एमकेव्ही नंतर, आणि स्काय डॉलीच्या लॉगबुकची फाईल कधीच नाही. ती अगदी छोटी असते, आणि त्यात सगळी फ्लाइट आहे. उद्या भारी कार्ड आलं तर तीच फ्लाइट परत चालवून ६० फ्रेमला, फोर-केला शूट करता येईल, लँडिंग तेच, माझंच. फाईलच्या नावात तारीख, कुठून कुठे, आणि सिममधली वेळ लिहून ठेवतो म्हणजे शोधताना त्रास नको.

पुढचं ठरवलंय ते पश्चिमेला, जळगावहून तापी धरून सारंगखेडा, प्रकाशा, आणि तिथून पुढे उकाईच्या फुगवट्यापर्यंत. शिरपूरची आणि धुळ्याच्या गोंदूरची धावपट्टी त्याच बाजूला, शिकाऊ वैमानिक तिथे खरी विमानं उडवतात, तिथे एक टच अँड गो, म्हणजे टेकून लगेच परत उडणं, करायचाय. हवामान ठराविक, वेळ सकाळी साडेसातची, सूर्य पाठीमागे राहील म्हणून पट्ट्यांची कटकट नाही. प्रकाशाच्या घाटावरून खाली येताना बाहेरचा कॅमेरा ठेवणार, सीक्यूपी १८, आणि ३० फ्रेम. तुमच्यापैकी कोणी शहादा-नंदुरबारकडचं असेल तर गाव सांगा, वाटेत असेल तर त्यावरून नेतो.